डाव्या हाताचा माऊस

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, हे आता आमच्या घरात माहीत आहे. पण खोटं बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. स्ट्रेचरवर पडलो होतो, कमरेखाली पाय आहेत की नाहीत ते समजत नव्हतं, आणि तरी त्या एका वाक्यानंतर मोकळा श्वास आला. माझ्या आजाराचं कारण म्हणून एक माणूस समोर उभा होता आणि तो मी नव्हतो.

तो अंकुश. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबल्यामुळं ज्यांचे हातपाय जातात, त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. औषधांची नावं आणि एमआरआयच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंमधलं मला कळत नाही, ते लिहिणार नाही. काही मजकूर टॅबला माऊस लावण्याविषयी आहे. आजाराशी त्याचा काय संबंध असं कुणाला वाटेल. माझ्यापुरता सगळा संबंध तिथंच आहे.

हात

वाळूजच्या एका कंपनीत मी ड्रॉइंग ऑफिसला आहे. यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं काढायची, मापं टाकायची. तरुणपणी हे बोर्डावर पेन्सिलीनं केलं, नंतर कॉम्प्युटरवर माऊसनं. शेवटी हाताचंच काम.

आजारी पडण्याच्या बऱ्याच आधी उजव्या हाताची बोटं बदलली. दुखत नव्हती. बोटांवर कुणीतरी पातळ मोजा चढवल्यासारखं वाटायचं. शर्टाचं वरचं बटण लागेना. भाकरीचा तुकडा मोडताना भाकरीच ताटाबाहेर जायची. माऊसवर दोनदा टिकटिक करायचं असतं, ते एकदाच व्हायचं, नाहीतर तीनदा. रेघ जिथं थांबवायची तिथं थांबायची नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस ड्रॉइंग ऑफिसात तसाही जड असतो. त्यात हात गेला म्हटल्यावर मला कोण ठेवणार, हा हिशेब मी मनात परस्पर करून टाकला होता. मयूरी, माझी मुलगी, तेव्हा नुकती कॉलेजात गेली होती. ही सगळी कारणं खरी आहेत, पण त्यांच्या मागे एक साधी भीतीही होती. डॉक्टरकडं गेलो तर डॉक्टर काहीतरी सांगेल.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असताना मी माऊसची वायर मॉनिटरच्या मागून फिरवली आणि माऊस डावीकडं घेतला. सेटिंगमध्ये जाऊन बटणांची अदलाबदल केली, म्हणजे डाव्या हाताची तर्जनी मुख्य बटणावर येते. पहिले काही दिवस पाटीवर पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखं झालं. मग जमायला लागलं. विचारलं तर सांगायचो, डावा हात वापरला की मेंदूला व्यायाम होतो म्हणे.

माझ्या शेजारी सलीमभाई बसतात. मी रजेवर असताना एकदा ते माझ्या कॉम्प्युटरवर बसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "क्या साब, जादूटोना करके गये क्या? सीधा दबाव तो उलटा खुलरा!"

"मेंदूचा व्यायाम, सलीमभाई."

"तो दिमाग कू बोलो ना डंड-बैठक मारने कू. माउस का क्या कुसूर?"

सगळे हसले. मीही हसलो. लपवण्याची इतकी सोपी जागा मला परत मिळाली नाही.

पायाळू

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्या भागात उसण भरली, पाठीत चमक निघाली, की लोक पायाळू माणूस शोधतात. त्यानं दुखऱ्या जागी तीनदा पाय लावायचा. दाबायचं नाही, तुडवायचं नाही, नुसता टेकवायचा. पैसे घ्यायचे नाहीत.

अंकुश पायाळू आहे. करमाडला शेती करतो. लहान असल्यापासून लोक त्याला घरातून बोलावून न्यायचे आणि पाय लावला की हातावर पेरू, चिक्की असं काही ठेवायचे. आभाळ आलं की त्याची आई त्याला आत ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. मोठा झाल्यावर तो स्वतःच विनोद करायचा, "लोकं लाथ मारली म्हणून भांडत्यात, मला लाथ मार म्हणून चहा पाजत्यात." पण त्याला त्याचं वाटायचं. गावात त्याची तेवढी एक ओळख होती जी शेतावर, पिकावर अवलंबून नव्हती.

माझी मान आणि खांद्यांमधली पाठ काही दिवस आखडली होती. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, उसण भरलीय ही. अंक्याला बोलवू का?"

"बोलव," मी म्हणालो. मानेचं दुखणं आणि हाताचं दुखणं एकच असेल असं मला वाटलं नव्हतं. किंवा वाटलं होतं आणि मी ते बाजूला सारलं. आता नक्की सांगता येत नाही.

रविवारी अंकुश पडेगावला आमच्या घरी आला, पिशवीभर मेथी घेऊन. न्हाणीत जाऊन पाय घासून धुतले. मी चटईवर पालथा. तो उभाच राहिला.

"दाजी, मला लई अवघड वाटतंय."

"का रे?"

"तुमी अक्काचं मालक. तुमाला पाय कसा लावू?"

"अरे, गाव सगळं लावून घेतं."

"गावाला माझी बहीन नाय दिली."

सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "लाव की रं मुडद्या, भाकरी गार व्हायली!"

त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला, नमस्कार केला, मग उजवा पाय माझ्या पाठीवर टेकवला. तीन वेळा. मानेला नाही, खाली पाठीला. मांजर पाठीवरून गेलं तर जितकं वजन पडेल तितकं. परत वाकून नमस्कार केला. आम्ही जेवलो, तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला उभा राहिलो आणि पाय माझे राहिले नाहीत. बेसिनला धरून खाली बसलो. उठता आलं नाही.

निदान

शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. करमाडहून अंकुश मोटारसायकलनं आमच्या पाठोपाठ पोचला. एमआरआय झाला. डॉक्टर तरुण होते, बोलायला शांत. पडद्याच्या आत मी, सुनंदा आणि अंकुश.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी हातांना मुंग्या यायच्या? बटण लावायला त्रास? वस्तू हातातून पडणं? लिहिताना अक्षर बदललं?"

प्रत्येक प्रश्न माझ्याविषयी होता. इतक्या नेमकेपणानं मला कुणी कधी ओळखलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही? फोटोत दाब जुना दिसतोय. एकदम असं सहसा होत नाही."

"काल यानं पाय लावला," मी म्हणालो. "त्यानंतरच झालं."

डॉक्टरांनी अंकुशकडं पाहिलं. "पाय लावला म्हणजे? मानेवर?"

इथं मी बोलायला हवं होतं. अंकुशनं नुसते हात जोडले. सुनंदा म्हणाली, "डॉक्टर, मीच बोलावलं हो त्याला. उसण वाटली मला." आणि रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "मानेवर असले प्रकार कधीही करू नका." सल्ला बरोबर होता. तो बरोबर असल्यामुळंच माझं खोटं त्यात नीट बसलं.

मी का बोललो? तेव्हा नीट विचार केला असेल असं वाटत नाही. नोकरीची भीती होती. इतके महिने अंगावर काढलं म्हणून बायको काय म्हणेल, तीही होती. आणि एक तयार उत्तर समोर हात जोडून उभं होतं.

वॉर्ड

मानेचं ऑपरेशन झालं. वॉर्डातल्या दिवसाचा एक ठरलेला क्रम असतो आणि आजारी माणूस त्याला लवकर सरावतो. पहाटे अंग पुसणं, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग दुपारभर छताचा पंखा. मान हलवायची नसल्यानं मला जगाचा वरचा भागच दिसायचा. माणसं आधी आवाजानं कळायची, नंतर हनुवटीनं.

शेजारच्या खाटेवर वैजापूरचे एक कांद्याचे व्यापारी होते. कमरेचं ऑपरेशन. ते दिवसभर फोनवर भाव विचारायचे आणि भाव पडला की सिस्टरला सांगायचे, "बाई, आज इंजेक्शन नको, तसंच मेलोय मी." मी पहिल्यांदा हसलो तो त्यांच्यामुळं. हसल्यावर मान दुखली तरी बरं वाटलं.

ज्या दिवशी पहिल्यांदा बसवलं, त्या दिवशीची भीती सांगता येत नाही. डोकं धडावर ठेवलेलं आहे, बसवलेलं नाही, असं वाटत होतं. वॉर्डातल्या कामाच्या मावशींनी पाठीमागून धरलं आणि म्हणाल्या, "सोडत नाही मी. सोडीन तर सांगून सोडीन." एवढं वाक्य मला पुष्कळ दिवस पुरलं.

अंकुश रोज यायचा. आत यायचा नाही. बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि सुनंदा आली की डबा तिच्या हातात द्यायचा. भेटायला येणारे नातेवाईक त्याच्यापुढून जायचे आणि माझ्याकडं येऊन विचारायचे, "मान तुडवली म्हणे त्यानं?" आठवड्याभरात पाठीचा पाय मानेवर गेला होता आणि टेकवण्याचं तुडवणं झालं होतं. मी म्हणायचो, "जाऊ द्या, झालं ते झालं." लोकांना ते मोठेपणाचं वाटायचं. दाजी किती समजूतदार, असं बोलणं माझ्या कानावर आलं. मग अंकुश यायचा बंद झाला.

घरी

पाय परत आले, म्हणजे काठीनं चालण्याइतके. डावा हात बऱ्यापैकी आला. उजव्यावरचा मोजा निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, दाब लवकर काढला असता तर जास्त मिळालं असतं. ते ऐकताना सुनंदा माझ्याकडं बघत होती आणि मी खिडकीकडं.

ती मला भरवायची, अंघोळ घालायची, पायात चपला सरकवायची. मध्येच म्हणायची, "मीच फोन केला न्हवं त्याला." मी म्हणायचो, "तुझा काय दोष?" दोष कुणाचा, ते मात्र म्हणायचो नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती करमाडला गेली नाही. अंकुशही आला नाही. तिनं ताट केलं, निरांजन लावलं आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. मी गळ्यात मानेच्या आधाराचा पट्टा घालून दारातल्या खुर्चीत बसून ते पाहिलं. ती आत आल्यावर मी विचारलं, "फराळाचं काही आहे का?"

टॅब

दिवस जाईना म्हणून मयूरीनं तिचा जुना टॅब मला दिला. मान वाकवायची नाही म्हणून तो डोळ्यांच्या उंचीला स्टँडवर ठेवावा लागायचा. मग प्रत्येक वेळी हात उचलून काचेपर्यंत न्यायचा. थोड्याच वेळात खांदा भरून यायचा. त्याहून वाईट म्हणजे बोट काचेला टेकलं की नाही ते बोटाला कळायचं नाही. काचेला कळायचं. बोट हवेत आहे असं समजून मी ते तसंच ठेवायचो आणि काहीतरी भलतंच उघडायचं. एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांना व्हिडिओ कॉल लागला. मी बनियनवर, गळ्यात पट्टा. ते म्हणाले, "आराम करा." मीही म्हणालो, "हो, आराम करा."

मयूरीनं आधी मैत्रिणीचा ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड आणून लावला. ट्रॅकपॅडवर बोट घासायचं असतं, दोन बोटांनी पान सरकतं. माझा तळवा त्यावर विसावायचा आणि पान वाऱ्यावर गेल्यासारखं पळायचं. ज्यांची बोटं शुद्धीवर आहेत त्यांच्यासाठी ते बरं असेल. मग तिनं माऊस आणला.

हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. टॅबला माऊस चालतो. एका टोकाला टॅबमध्ये बसणारी आणि दुसऱ्या टोकाला माऊसची पिन घेणारी छोटी वायर मिळते. मोबाईलच्या दुकानात ओटीजी म्हणून मागायची. लावल्याबरोबर काचेवर बाण येतो. बाण मोठा करता येतो, त्याचा वेग कमी करता येतो. माऊस वायरचा घ्यावा. बिनवायरचा मध्येच झोपतो आणि आपल्याला वाटतं आपलाच हात गेला. जाड, जरा वजनदार घ्यावा. हात मांडीजवळ पाटावर राहतो, मान सरळ राहते, आणि बटण दाबलं की टिक असा आवाज येतो. बोटाला कळलं नाही तर कानाला कळतं. माझ्यासारख्याला तो आवाज फार मोठा आहे.

मयूरीनं माऊस पाटाच्या उजव्या बाजूला ठेवला. मी विचार न करता तो डावीकडं ओढला आणि म्हणालो, "बटणं उलटी कर गं."

तिनं सेटिंग शोधून बटणं उलटी केली. एक जाहिरात आली होती, तिच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढी फुली. मी बाण सरळ तिथं नेला आणि बंद केली.

"पप्पा, हे कधी शिकलात?"

"काय?"

"डाव्या हातानं. माझा हात भाजला होता तेव्हा मी करून बघितलंय. बाण कुठंही पळतो. तुम्ही पहिल्या झटक्यात फुली मारली."

"फिजिओ चालू आहे ना."

"फिजिओच्या मॅडम तुमच्याकडून मणी उचलून घेतात. माऊस नाही. आणि बटणं उलटी करायची असतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी बाण उगीच इकडून तिकडं नेला. आमच्या घरात तेव्हा काळाचे दोन भाग होते, मामाच्या आधी आणि मामाच्या नंतर. तिनं तेच विचारलं.

"मामाच्या आधीपासून?"

"हं."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग मामा?" आणि उत्तराची वाट पाहत बसली. शेवटी म्हणाली, "मी मम्मीला सांगणार नाही. पण इथून पुढं घरात मामाचा विषय निघाला की मी उठून जाणार. मम्मी विचारेल, का उठलीस. तेव्हा तुम्ही सांगा."

सुनंदा

तशी वेळ आणली नाही. दोन-तीन दिवसांनी सुनंदा पोळ्या करत होती, तेव्हा मी काठी टेकत स्वयंपाकघरात गेलो आणि उभ्यानंच सांगितलं. हात कधी गेला, माऊस कसा बदलला, कुणाला काय सांगत होतो. तिनं तव्यावरची पोळी उतरवली आणि गॅस बंद केला.

"डॉक्टरनं इचारलं तवा मी तिथंच हुते ना?"

"होय."

"अंक्या बी हुता."

"होय."

"मी रडले. तुमी बघत हुता."

"होय."

तिनं परत गॅस लावला. उरलेल्या पोळ्या केल्या. मला ताट वाढलं, चमचा माझ्या डाव्या हातात दिला आणि समोर बसली नाही. त्या दिवसापासून तिनं मला भरवलं नाही. निम्मं सांडायचं. ती पुसायची, बोलायची नाही.

चार दिवसांनी बोलली. "तुमच्या दुखन्याची सेवा मी मरेपर्यंत करीन. ह्याची सेवा माझ्याच्यानं व्हायची नाय. हे तुमचं तुमी उचला."

"अंकुशला तू सांगतेस का?" मी विचारलं. विचारू नये ते.

"मी सांगितलं तर तो म्हनंल, अक्का माझं मन राखाया बोलती. तुमच्या तोंडूनच जायला पायजे."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मला ते गैरसोयीचं होतं.

थांबलं की लागतं

टॅबमध्ये आणखी एक सोय आहे. ज्यांना बटणही दाबवत नाही त्यांच्यासाठी. बाण एखाद्या जागी थोडा वेळ थांबवला की क्लिक आपोआप होतं. बोटं दमली की मी ती चालू करायचो. हात थरथरणाऱ्यांनी थांबण्याचा वेळ जरा जास्त ठेवावा, नाहीतर वाटेतलं सगळं उघडत जातं.

त्या सोयीत अंकुशच्या नावापुढच्या फोनच्या चिन्हावर बाण नेला की काहीच करायचं नसतं. नुसतं थांबायचं. कॉल लागतो. लावायचा नसेल तर हात हलवावा लागतो. मी रोज बाण तिथं न्यायचो आणि रोज हलवायचो. मयूरी एकदा मागून जाताना म्हणाली, "हात बराच सुधारलाय तुमचा. वेळेवर काढता."

एका सकाळी हलवला नाही.

फोन उचलल्यावर पडद्यावर नुसतं कपाळ आलं, मागं गोठ्याचा पत्रा.

"दाजी! दिसतो का मी?"

"कपाळ दिसतंय."

"थांबा." मग नाक दिसलं, मग सगळा अंकुश. दाढी वाढलेली. "बरं हाय का? हात?"

"डावा बरा आहे. अंकुश, एक सांगायचंय. मध्ये बोलू नको."

त्याला तसं सांगायची गरज नव्हती. मी बोललो तेवढा वेळ तो हलला नाही. शेवटी चित्र अडकलं की माणूस, ते मला समजेना.

"अंकुश?"

"हाय." मग म्हणाला, "म्हंजी हात आधीच गेल्ता."

"होय."

"आन् माझा पाय..."

"पाठीला लागला होता. हलकाच. त्यानं काही झालं नाही."

"हे मला म्हाईत हुतं की," तो म्हणाला. "मी पाय लावला तवा मला म्हाईत हुतं किती लावला. पर तुमी डॉक्टरला सांगितलं, मग मला वाटलं, माझंच काय तरी चुकलं असंल. तुमी कशाला खोटं बोलताल?"

त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला.

"दाजी, धाकटं रांगाया लागलंय माझं. माझ्याकडं आलं की मी पाय पोटाशी घेतो. झोपताना भिताडाकडं पाय करतो. बायकू म्हनती, येडे झालेत का. आता कुनी बोलवत नाय मला. बोलावलं तरी गेलो नसतो."

"चुकलं माझं."

"ते झालं." मग विचारलं, "अक्काला सांगितलं?"

"सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या तोंडूनच सांगा."

"बरोबर म्हनली ती." आवाज चढला नाही, पण दाजी म्हणताना पूर्वी जो जिव्हाळा असायचा तो त्यात नव्हता. "मला सांगितलं, चांगलं केलं. पर गाव फोनवर नसतंय दाजी. डेअरीपुढं मान्सं मला बघून गप होत्यात, त्यांना कोन सांगनार?"

मी म्हणालो, मी येऊन सांगतो. तो म्हणाला, "या." कधी, ते त्यानं विचारलं नाही.

बाकी

सुनंदा त्यानंतर दोनदा करमाडला जाऊन आली. एकटी. मला चल म्हणाली नाही.

ज्यांची बोटं मोजा घातल्यासारखी वाटतात, ज्यांना बटण लागत नाही, त्यांनी घरात सांगावं आणि डॉक्टरकडं जावं. मान कुणाकडून दाबून घेऊ नये, हेही खरं आहे. पण डॉक्टरनं विचारलं की आधीपासूनचं सगळं सांगावं. तुम्ही गाळलेलं दुसऱ्याच्या नावावर चढतं.

हे सगळं टॅबवरच्या कीबोर्डवर, माऊसनं एकेक अक्षर टिपून लिहिलं आहे. बोलून लिहायची सोय आहे, पण बोललो असतो तर घरात ऐकू गेलं असतं, आणि हलकं वाटल्याची गोष्ट मला मोठ्यानं म्हणता आली नसती. सुनंदा आणि मयूरी ती इथंच वाचतील.

मी आता काठीशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत जातो. रिक्षात बसतो. कंपनीत अर्धा दिवस जातो आणि डाव्या हातानं ड्रॉइंग करतो, सगळ्यांना सांगून. करमाड जालना रोडवर आहे. पोचायला फार वेळ लागत नाही. मानेचं, पायांचं, उन्हाचं कारण मी दोन-तीनदा दिलं आणि ते कुणी खोडलं नाही.

सकाळी दूध घालायला डेअरीपुढं गाव जमतं. तिथं अंकुशच्या शेजारी उभं राहून, तो समोर असताना, त्या माणसांना मी खोटं बोललो हे सांगणं माझ्याकडं बाकी आहे. अजून मी गेलेलो नाही.